हसण्याचा एपिसोड

माझा थोरला भाऊ आमच्या शहराबाहेरच्या खकनार गावच्या शाळेत शिकवायचा. रोज मोटरसायकलनं जाऊन-येऊन करायचा. एका संध्याकाळी परत येताना मागून एका गाडीनं त्याला उडवलं आणि ती गाडी थांबलीच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. ट्रक होता की जीप, कोणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांनी 'अज्ञात वाहन' असं लिहून घेतलं. सुरुवातीला मी ठाण्यावर चकरा मारल्या. तपास चालू आहे, असं सांगायचे. पुढे जाणं कमी झालं, मग थांबलं.

शनवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात उरलो आम्ही चौघं. आई, वहिनी, वहिनीची कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी.

वहिनी पूर्वी टीव्हीकडे फिरकायची नाही. भाऊ गेल्यानंतर मात्र ती खुनांच्या तपासाची एक हिंदी मालिका नेमानं पाहायला लागली. जेवणं उरकली की भांडी तशीच ठेवून पुढ्यात येऊन बसायची. तिच्याबरोबर आम्हालाही सवय लागली. त्यातला इन्स्पेक्टर कमी बोलणारा, कपाळाला आठी असलेला. कधी काचेच्या तुकड्यावरून, कधी खरवडलेल्या रंगावरून गुन्हेगार शोधायचा. एपिसोड संपला की वहिनी मला म्हणायची, "पाहिलं ना भाऊजी, रंगावरून गाडी सापडली." मी हो म्हणायचो. ती हे का सांगते ते घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणी नव्हतं.

मग एक दिवस त्या मालिकेचा खास एपिसोड आला. आठवडाभर जाहिरात चालली होती. तो अख्खा एपिसोड जुन्या मूकपटासारखा केला होता. चित्र काळंपांढरं, माणसं तुरुतुरु चालणारी, बोलण्याचा आवाज नाही, नुसता पियानो, आणि मधेमधे पडद्यावर वाक्यांच्या पाट्या. इन्स्पेक्टरला खोट्या मिशा लावलेल्या. आईला वाचता येत नाही, म्हणून पुतणी तिला पाट्या वाचून दाखवत होती. इन्स्पेक्टर केळीच्या सालावरून घसरला तेव्हा आई पहिल्यांदा हसली.

आणि मग रस्ता ओलांडणाऱ्या एका लठ्ठ माणसाला मोटारीनं उडवलं. तो हवेत गिरक्या घेत वर गेला, टोपी वेगळी, बूट वेगळे, आणि धपकन टोमॅटोच्या गाड्यावर पडला. उठला, लोकांना सलाम केला आणि पुन्हा मेला. आई खदखदून हसली, पदर तोंडाला लावून. पुतणीही हसत होती. हसता हसताच तिचं लक्ष वहिनीकडे गेलं आणि ती पाटी वाचायची थांबली.

"काय लिहिलंय गं पुढं?" आईनं विचारलं.

मी रिमोट शोधायला लागलो.

"राहू द्या भाऊजी," वहिनी म्हणाली. "पाहू द्या."

तिनं शेवटपर्यंत पाहिलं. शेवटी तो मेलेला माणूस उठला, मोटारवाल्याच्या गळ्यात हात घातला आणि दोघं नाचत नाचत निघून गेले. इन्स्पेक्टरनं मिशा काढून प्रेक्षकांकडे डोळा मारला.

"मग गाडी कोणाची होती?" वहिनीनं विचारलं.

"मम्मी, मजाक होता तो," पुतणी हळूच म्हणाली. "स्पेशल एपिसोड आहे. त्यात कोणी पकडलं नाही जात."

वहिनी उठून भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे तोच विषय. ऑफिसात एक म्हातारे सहकारी चिडले होते. चांगल्या मालिकेचा तमाशा केला म्हणत होते. बाकीच्यांना फार आवडला होता. एकानं तर टेबलांच्या मधे उभं राहून ती गिरकी घेऊन दाखवली. दोन्ही हात वर, मान वाकडी. सगळे हसले. मग त्याची नजर माझ्यावर पडली. तो हात खाली घेऊन म्हणाला, "चहा सांगू का तुला?" मी सांग म्हणालो. त्याचा काही दोष नव्हता.

घरी आलो तर आई मेथी निवडत बसली होती आणि वहिनी कणीक मळत होती. आई खाली मान घालूनच म्हणाली, "मी काल हसले गं."

"हसा की," वहिनी म्हणाली. "त्यात काय एवढं."

मग परातीतून हात न काढता ती मला म्हणाली, "भाऊजी, उद्या मला ठाण्यावर घेऊन चला."

ती ठाण्याची पायरी पहिल्यांदाच चढत होती. तिथल्या हवालदारानं तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. नाव विचारून आत गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला. "बहनजी, वो तो बंद हो गया," तो म्हणाला. "गाडी का पता नहीं चला. पिछले साल ही बंद हो गया."

"कोणी विचारायला आलं नाही म्हणून?"

त्याला मराठी कळत होतं. "नहीं बहनजी," तो म्हणाला. "आते, तो भी..." पुढचं त्यानं सोडून दिलं.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "ती जागा दाखवा मला." तीही तिनं कधी पाहिली नव्हती.

खकनारच्या रस्त्याला दुपारचं ऊन होतं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून घडांनी भरलेले ट्रक जाताहेत. मी अंदाजानं एका वळणावर मोटरसायकल थांबवली. बांधावर एक मजूर बाई भाकरी खात बसली होती. आम्ही नुसते उभे आहोत असं पाहून ती जवळ आली. वहिनीनं अपघाताचं सांगितलं तेव्हा ती एकदम खाली बसली.

"ते मास्तर तुमचे का? आम्हीच त्याला सावलीत आणलं, माय. मी आणि माझा मालक, दोघं नवराबायको. शुद्धीवर होता तो."

वहिनीही तिच्याशेजारी मातीत बसली. "काही बोलले का?"

"म्हणे, माझी गाडी रस्त्यातून बाजूला घ्या, अंधार पडला की कोणी आपटेल. दोनदा म्हणे. मालकानं ओढून बाजूला घेतली, तेव्हा गप्प झाला."

"असंच बोलणार ते," वहिनी म्हणाली. ती रडली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग दवाखान्यात न्यायला एवढा उशीर का झाला?"

बाईनं रस्त्याकडे बोट केलं. "हात केले माय आम्ही. हा ट्रक, तो ट्रक, मोटारी. मालक तर आडवा उभा राहिला. वळसा घालून जात होते. पार दिवस बुडला तेव्हा एक टेम्पो थांबला."

आम्ही परत आलो. घरी आई दारातच उभी होती. भावानं शेवटी मोटरसायकल बाजूला घ्यायला लावली होती, ते वहिनीनं तिला सांगितलं. आई म्हणाली, "लहानपणापासून तसाच. वाटेतला दगडसुद्धा उचलून ठेवायचा." मग किती तरी वेळ ती हेच शेजारणींना सांगत होती.

ट्रकांचं वहिनीनं तिला सांगितलं नाही. मुलीलाही नाही. ते माझ्याजवळ आणि तिच्याजवळ राहिलं, आणि आम्हीही त्यावर कधी बोलत नाही. मालिका अजून चालू आहे, इन्स्पेक्टर पुन्हा पहिल्यासारखा गंभीर झालाय म्हणतात. आमच्याकडे ती लागत नाही. जेवणं झाली की वहिनी लगेच भांडी घासते आणि दिवा मालवून आत जाऊन पडते.