बाबांनी केलेला फोन

मलमाचा झोंबरा वास आला की मला अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या घरातलं किचन आठवतं. तेव्हा मी एका छोट्या व्यावसायिक बेसबॉल टीममध्ये डावखुरा पिचर, म्हणजे बॅट्समनला बॉल टाकणारा, होतो आणि वरच्या लीगमधून बोलावणं येईल अशी चिन्हं होती. दोन दिवस घरी आलो होतो. बाबा माझ्या डाव्या कोपराला मलम चोळत असताना मी कबूल केलं, की हल्ली बॉल टाकताना बोटं बधिर होतात. "प्लीज, कुणाला सांगू नका." "नाही सांगत," ते म्हणाले आणि चोळत राहिले. मी परत गेलो त्याच दुपारी कोचने ऑफिसात बोलावलं. "तुझ्या वडिलांचा फोन आला होता." तपासणी झाली आणि माझ्याऐवजी दुसऱ्या डावखुऱ्या पिचरला वरच्या लीगमध्ये घेतलं. मी पार्किंग लॉटमधून घरी फोन लावला. "हात कायमचा गेला असता रे," बाबा म्हणाले. "मग फोन करण्याआधी तुम्ही तसं मला सांगायचं होतं," म्हणत मी फोन ठेवला. पुढे कोपराचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरही बाबांसारखंच म्हणाले, पण मी पुन्हा पिचिंग केलं नाही. आता बाबा दर रविवारी जेवायला येतात, आम्ही हसतो, बोलतो. फक्त त्यांनी तब्येत विचारली, की काहीही दुखत असलं तरी मी "मस्त आहे" म्हणतो.