ओटीत घातलेली

बाबा मृत्युपत्र न करता गेले. विसरले नव्हते, मुद्दाम केलं नाही. त्या हट्टाचा मला अजून राग येतो.

मी त्यांच्या मोठ्या भावाची मुलगी. बाबांच्या घरी पाळणा हलत नव्हता, म्हणून जिनं मला जन्म दिला त्या मोठ्या आईनं मी तान्ही असतानाच मला आईच्या ओटीत घातलं. कुंकू लावलं, नारळ दिला, झालं. कागद कोणी केला नाही, सख्ख्या भावांत कसला आलाय कागद! मला रायपूरला तात्यापाऱ्यातल्या घरी आणलं. पुढे आईला दोन मुलगे झाले, तर बाबा येईल त्याला सांगायचे, "पोट्टीच्या पायगुणानं झाले."

आई गेली. भाऊ शहरातच तेलीबांध्याला फ्लॅट घेऊन राहायला गेले, घरातही हिंदीच बोलू लागले. माझं लग्न झालं नाही, मी बाबांजवळ राहिले. त्यांचं पथ्यपाणी, लघवीची पिशवी बदलणं, सगळं मीच केलं. एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, माझ्या नावानं काही लिहून ठेवा न. माझ्या दाखल्यावर मोठ्या बाबांचं नाव आहे."

त्यांनी जेवणाचं ताट सरकवलं. "काहून लिहू? परक्याले लिहून देतात. लेकरायले आपोआप भेटते. तू मले परकी आहे का?"

मी ताट परत त्यांच्यापुढे ठेवलं. खरं सांगते, ऐकून बरंच वाटलं होतं.

तेरवीनंतर घर वारसांच्या नावावर करायला आम्ही तिघं तहसील कचेरीत गेलो. वकिलानं आधीच सांगितलं होतं, मृत्युपत्र नाही म्हणजे सगळ्या मुलांना सारखा हिस्सा. पण तुम्हाला ओटीत घातलं होतं हे सांगणारं कोणीतरी हवं. पाहिलेली माणसं तर केव्हाच वर गेली. उरले भाऊ. त्यांनी बहीण म्हटलं की पुरे होतं.

टेबलामागच्या बाबूनं विचारलं, "बच्चे कितने हैं?"

"हम दो भाई," मोठा म्हणाला आणि थांबला.

"और ये?"

मोठ्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं मोबाइल काढला. ज्यांचा शेंबूड पुसला, ज्यांना बोट धरून शाळेत पोचवलं, तेच हे दोघं. बाबू थांबला होता. मीही थांबले होते. मग मोठा हळूच म्हणाला, "दीदी, आप ही बता दो न."

मी सांगितलं, "भतीजी हूं."

पुतणी. बाबांनी जन्मभर जो शब्द घरात कोणाला काढू दिला नाही, तो माझ्याच तोंडून गेला. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "दीदी, घर आपका ही है. जब तक चाहो, रहो." भाडेकरूलाही असंच सांगतात.

संध्याकाळी फोटोपुढे दिवा लावला. वात दोनदा विझली. रडू आवरलं नाही.

"बाबा," म्हटलं, "भेटलं हो लेकरायले."