दोन हजार वर्षांचे दगड आणि एक सही

इतिहास शिकवते म्हटलं की लोक मला दोनच कामं सांगतात. जयंतीला सूत्रसंचालन करा, नाहीतर साहेबांचं भाषण लिहून द्या. पूल बांधताना कुणी रस्त्यावरच्या माणसाला ‘लोखंड किती घालू हो?’ असं विचारत नाही. इतिहासाचं मात्र सगळ्यांनाच सगळं आधीपासून ठाऊक असतं. मग आम्ही इतकी वर्षं कशाला डोळे फोडून घेतले, हे एकदा कुणीतरी सांगावं.

मी घुग्घुसची. वडील सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर होते आणि आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. इतिहास कुणी लिहिला यावर माणसाची किंमत ठरते, हे आमच्या घरात जेवताना बोललं जायचं. म्हणून मी हा विषय घेतला. नोकरी लागली ती थेट अहेरीच्या पलीकडे, जंगलातल्या एका कॉलेजात.

गेल्या दिवाळीच्या आधी एक साठीचे गृहस्थ स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. जवळच्याच माडिया आदिवासींच्या गावचे शेतकरी. ‘इतिहासवाल्या बाई कोनत्या?’ त्यांनी विचारलं. मी पुढं झाले.

‘बाई, माह्या भावाले नेलं जी. बागेत उभं केलं.’

त्यांचा थोरला भाऊ कोरोनाच्या आदल्या वर्षी वारला होता. त्यांच्याकडे गावच्या कडेला मेलेल्या माणसाच्या नावानं उभा दगड रोवतात आणि तो माणूस तिथंच आहे असं मानतात. धानाचं नवं पीक आलं की पहिला घास त्या दगडाला. त्यानंतरच घरात नवा भात शिजतो. तालुक्याच्या सुशोभीकरण समितीनं जेसीबी लावून ती अख्खी रांग उपटली आणि तालुक्याच्या गावातल्या नव्या ‘प्राचीन शिळा उद्यानात’ नेऊन उभी केली होती. त्यात यांचा भाऊही गेला.

‘नवे तांदूळ घरात येऊन पडले हाये. वहिनी पोत्याले हात लावू देत नाई. नातवंडं इचारून राह्यले, काऊन नाई शिजवत? काय सांगू त्याईले?’

मी त्यांच्याबरोबर त्या बागेत गेले आणि माझं डोकं फिरलं. शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी करावीत तसे दगड उंचीप्रमाणे लावले होते. बुडाला सिमेंट, आणि वरून चकाकावेत म्हणून काळा ऑइलपेंट. पाटीवर लिहिलं होतं, ‘दोन हजार वर्षांपूर्वीचा वारसा’. त्या गृहस्थांनी रांगेतून जाऊन एका दगडावर हात ठेवला. गावकऱ्यांनी खांद्यावरून आणताना त्याचा डावा कोपरा फुटला होता, म्हणाले. सहा-सात वर्षांचा दगड दोन हजार वर्षांचा होऊन बसला होता.

समितीचे प्रमुख सरकारी अधिकारी होते. मी त्यांच्या कचेरीत गेले. त्यांनी चहा मागवला, गोड बोलले.

‘मॅडम, एक्सपर्टनीच वय सांगितलंय.’

एक्सपर्ट म्हणजे मोबाइलवर किल्ल्यांचे व्हिडिओ टाकणारा एक उत्साही तरुण. मी विचारलं, त्यानं कशावरून सांगितलं? बुडाखालची माती बघितली? खाली काय सापडलं, कोणत्या थरात, कोणता दगड कुणाशेजारी होता, याची नोंद केली? ‘तुम्ही ते सगळं जेसीबीनं उकरून टाकलंत साहेब. आता जुने दगड किती जुने, हे कुणीच कधी सांगू शकणार नाही. आणि हा एक तर माझ्या नोकरीच्या काळातला आहे. तो परत द्या.’

‘तुम्ही इतिहासाच्या असून इतिहासाच्याच विरोधात कशा?’ ते खरंच चकित झाले होते. मग हात झटकून म्हणाले, ‘बरं, त्यांना दगडच पाहिजे ना? कोणताही एक न्या म्हणावं. सगळे सारखेच तर दिसतात.’

मी उठले. तसे ते जरा मऊ झाले. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते आणि पाटीखाली कुणातरी डॉक्टरेटवाल्याचं नाव हवं होतं. मी ‘दोन हजार वर्षे’ असं लिहून सही करायची, ते त्या माणसाचा दगड सोडणार. एवढा सरळ सौदा.

बाहेर ते गृहस्थ पायरीवर बसून होते. घरात तांदूळ अडकलेला माणूस, आणि माझ्या एका सहीवर तो सुटणार होता. पण माझी सही झाली की उरलेली रांग कायमची बेवारस होणार होती. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्याला नातेवाईक नसतात, कुणी त्याला परत मागायला येत नाही. सौदा काय होता ते मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, आणि सही करणार नाही हेही सांगितलं. मला वाटलं ते चिडतील.

ते पायरीवरून उठले. मग म्हणाले, ‘तर मंग मी आपला नेतो.’

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते चार भाऊबंद, लोखंडी सब्बल आणि ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी सिमेंट फोडलं आणि भावाला घेऊन गेले. मी फाटकाशी उभी होते. कुणी विचारलं असतं तर उत्तर माझ्याकडे तयार होतं. चौकीदारानं विचारलंच नाही. त्या आठवड्यात त्यांच्या घरी नवा भात शिजला, मीही जेवून आले.

उद्घाटनाच्या दिवशी बघते तर रांगेत खड्डा नाही! खदानीतला एक दगड आणून तिथं रोवला होता, ड्रिलची भोकं रंगाखालून दिसत होती. माइकला तोच जवळ पडत होता म्हणून पाहुण्यांनी नेमका त्यालाच हार घातला. मोबाइलवाल्या एक्सपर्टनं तो कोण्या शूर योद्ध्याचा असल्याचं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आभारप्रदर्शनाला बोलावलं कुणाला? अर्थात मला.

मी माइक घेतला. ‘हार घातलाय तो दगड परवा खदानीतून आलाय,’ मी म्हटलं. ‘बाकीचे किती जुने, ते मला माहीत नाही, आणि इथं दुसऱ्या कुणालाही माहीत नाही. पण त्यांची माणसं जिवंत आहेत, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.’

माइक बंद झाला. अधिकारी माझ्या कानाशी येऊन दात-ओठ खात म्हणाले, ‘याला पुरावा काय, मॅडम?’

पुरावा मंडपाच्या मागं उभा होता. त्याच माडिया गावची पन्नासेक माणसं, बाया, कडेवर लेकरं. गर्दी दिसावी म्हणून समितीनंच त्यांना गाड्या पाठवून आणलं होतं, आणि खुर्ची कुणालाच दिली नव्हती.