गिलाव्याआडच्या रेषा
ओल्या सिमेंटचा वास आला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. नव्वदच्या दशकात मी सांगलीला आर्किटेक्चर शिकत होतो, आणि गवंडीकाम करणारे वडील माण तालुक्यातल्या आमच्या गावी बुद्धविहार बांधत होते. सुट्टीत गेलो तेव्हा दर्शनी खांबाच्या सेंट्रिंगच्या फळ्या नुकत्याच काढल्या होत्या. काँक्रीटवर लाकडाच्या रेषा स्वच्छ उमटल्या होत्या. मी म्हणालो, "आबा, याला गिलावा करू नका. या शैलीला ब्रुटॅलिझम म्हणतात. नाव क्रूर वाटतं, पण ते उघड्या काँक्रीटच्या फ्रेंच नावावरून आलंय." ते हसले. "लोक म्हणतील, मिस्त्रीला गिलावा येत न्हाई. पर तू शिकलायस, ठिवू तसाच." उद्घाटनाला सगळी वस्ती जमली. एक म्हातारा ओरडला, "आवं मिस्त्री, खांब उघडाच ठिवला व्हय?" हशा पिकला. वडील माझ्याकडे बघत राहिले, की आता हा सांगेल. मी मान खाली घातली. "ऱ्हायलाय खरा," म्हणत त्यांनी नव्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि पाहुण्यांसमोरच गिलाव्याचा माल कालवायला घेतला. गेल्या महिन्यात वडील वारले; त्यांचा पुण्यानुमोदनाचा विधी त्याच विहारात झाला. कुणीतरी खांबावर हात फिरवत म्हणालं, "असा गिलावा आता कुणाला जमत न्हाई." आतल्या रेषांबद्दल मी याही वेळी काही बोललो नाही.