चुन्याच्या डबीखालचं सहावं छिद्र

कपाट आवरताना बाबांची पितळी चुन्याची डबी हाती आली आणि इतक्या वर्षांनी तीच जुनी जळजळ पुन्हा झाली.

अभनपूर रस्त्यावरच्या नेमबाजीच्या रेंजवर माझा धाकटा चुलतभाऊ सुधीर स्वतः भरलेली काडतुसं तपासायला आला होता. हिवाळाभर त्यानं बंदुकीची दारू कणाकणानं तोलली होती आणि पंचांगाच्या थाटात वहीत नोंदी केल्या होत्या. त्याच्या वडिलांचं मोठ्या बोअरचं रिव्हॉल्वर वाळूच्या पिशवीवर टेकवून त्यानं डाव्या कागदावर पाच गोळ्या झाडल्या. मग उजव्या कागदावर मी विकतच्या पाच झाडल्या. मनगट झिणझिणलं, जळक्या दारूचा वास नाकात बसला.

बाबा कागद पाहायला गेले. माझ्या कागदावर चारच छिद्रं होती, चार दिशांना. सुधीरच्या कागदावर त्यांनी ही डबी ठेवली, तर सगळी छिद्रं झाकली गेली. मोजली तर सहा.

"पाचात सहा मारून राहिला का रे पोट्ट्या?"

"एक दादाची असेल, काका," सुधीर म्हणाला.

"त्याची? अन् इतकी नेमकी?" बाबा हसले.

"माझी नाही," मी म्हणालो. चुकीच्या कागदावर गोळी झाडली, हे धाकट्यासमोर कबूल करवेना.

तो कागद सुधीरच्या बैठकीत चौकटीत आहे. माझा आयुष्यातला एकमेव अचूक नेम त्याच्या भिंतीवर टांगलाय. पण आता हेवा वाटतो तो त्याच्या त्या एका वाक्याचा. त्याच्या जागी मी असतो, तर गप्प बसलो असतो.