वानवळा तोलत नसतात

रामलिंगअप्पांनी मानवतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं मापाडी म्हणून काम केलं. पोतं नुसतं हलवून वजन सांगायचे. शेतकऱ्यांचा काट्यापेक्षा त्यांच्या हातावर जास्त भरवसा. पण बायको भागम्मा वारली आणि घर खायला उठलं. दिवसदिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. शेवटी अप्पा भिंतीवरच्या पालीशी बोलायला लागले, आणि ती बिचारी ऐकूनही घ्यायची.

एकुलती एक लेक ईश्वरी हैदराबादेत लहान विमान चालवायची. उद्या पहाटे ती नोकरीसाठी दुबईला निघणार होती, दोन वर्षांकरता. आज तिची इथली शेवटची खेप होती. झरीजवळच्या एका कारखानदाराच्या खासगी धावपट्टीवरून मालक आणि मालकीणबाईंना हैदराबादच्या दवाखान्यात पोचवायचं होतं, बाईंचं ऑपरेशन होतं. चौथी खुर्ची रिकामी होती.

"अप्पा, तुमी चला. एक रात्र तरी बापलेक संगट राहू," ती फोनवर म्हणाली होती. अप्पा आठ दिवस आधीच बॅग भरून बसले.

सकाळी तिनं सगळ्यांना काट्यावर उभं केलं, बॅगाही तोलल्या. शेवटी मापाड्याचीच लेक!

"वजन दहा टक्के वाढलं की विमानाला वीस टक्के जास्त धावावं लागतंय, अप्पा. त्यात ऊन. हवा पातळ झाली की पंखाला जोर मिळत न्हाई." पट्टीच्या मध्यावर तिनं चुन्याची रेघ मारून घेतली होती. तिथवर ठरलेला वेग आला नाही तर थांबायचं.

ती रेघ बघायला गेली तेवढ्यात अप्पांनी दोन बोचकी मागच्या खुर्चीआड सारली. टाळकी ज्वारी, शेंगा, तीळ, दोन डांगरं. दुबईत कुठली आलीय टाळकी ज्वारी? लेकीकडं रिकाम्या हातानं जायचं तरी कसं? चाळीस वर्षं त्यांनी जगाचा माल तोलला, पण मायेनं न्यायचा घरचा वानवळा कधी कुणी तोलतं का? तोलला की तो विकायचा माल झाला.

विमान धावलं. रेघ आली, वेग काही आला नाही. ईश्वरीनं ब्रेक दाबले आणि विमान पट्टीच्या टोकाच्या बाभळींच्या अलीकडं कसंबसं थांबलं. मग तिनं मागं वाकून पाहिलं.

"किती हाय?"

"चाळीस किलो," अप्पा खाली मान घालून म्हणाले.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बराच वेळ हिशेब मांडला.

"सकाळीच बोलला असता तर ही हितंच ठेवून आपण सगळे गेलो असतो. आता ब्रेक निवून परत फिरेस्तोवर लय ऊन चढंल. बोचकी काढली तरी काठावर हाय, अन् काठावर मी उडत न्हाई."

ऊन उतरेपर्यंत थांबावं, तर दवाखान्याची वेळ टळली असती. एक माणूस उतरवणं भाग होतं, पण ईश्वरी कुणाकडंच बघेना. मग अप्पाच उठले आणि बोचकी घेऊन खाली उतरले.

"जा माय. बाईची तब्येत आधी," ते म्हणाले. तिनं खाली येऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि डोळे पुसत परत आत गेली.

या खेपेला विमान रेघेपाशीच हलकं झालं आणि थोडं पुढं जाऊन अलगद उठलं. बाभळी कितीतरी खाली राहिल्या. लेक सुखरूप गेली म्हणून अप्पांना बरं वाटलं, आणि लगेच हुंदका फुटला. आपण नसलो की पोरीला किती सोपं जातं, ते त्यांनी आत्ता डोळ्यांनी पाहिलं होतं.