माईक, पंखा आणि ग्रंथालयाची वेबसाइट

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची वेबसाइट सांभाळतो. या कामात कसे शिरलात, असं कुणी विचारलं की मी आधी चष्मा पुसतो आणि मग पडदा उघडतो.

पूर्वी मी भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्ष्या काढायचो. मोर, कमळ, 'शुभ विवाह'. पाहुण्यांच्या सत्काराचे टॉवेल पोचवायला इथं आलो, तर ग्रंथपालबाई बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर हात जोडून उभ्या! मी मागची निसटलेली वायर खोचली. टॉवेलचा गठ्ठा टेबलाखाली ठेवला, तो दिवस आणि आजचा दिवस, मी इथंच. मग नोकरी करतच ग्रंथालयशास्त्र शिकलो आणि पुस्तकांची यादी ऑनलाइन चढवली. हवं ते पुस्तक जागेवर आहे की नाही, हे टेंभुर्णीच्या पोरांना घरबसल्या दिसू लागलं.

आता मात्र दमलोय. संध्याकाळी स्क्रीनवरची अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागतात. मदतीला एक जागा मंजूर झाली, पण येईल त्या उमेदवाराला मी ग्रंथालय दाखवतो, हीच कथा साभिनय ऐकवतो, तो पोट धरून हसतो आणि परत येत नाही. या महिन्यात जागा भरली नाही तर ती रद्द, असं कार्यालयानं बजावलेलं.

शेवटची उमेदवार जेऊरची मुलगी. ग्रंथालयशास्त्र शिकलेली, वेबसाइट करायला आपली आपण शिकलेली. मी रंगात आलो.

"वेबसाइट तर आहेच. पण पंखा कुरकुरला, बोलवा मला. प्रिंटरात कागद अडकला, बोलवा मला. गॅदरिंगला रावणाच्या दहा तोंडांत दिवे कुणी लावले?"

"तुमीच," ती म्हणाली. हसली नाही. "लई भारी सांगता, सर. पण मग वेबसाइटचं काम कधी करता?"

"घरी नेतो की."

तिनं पर्स खांद्यावर घेतली. आधीचे सगळे इथंच घड्याळ बघायला लागायचे, हे मला तेव्हा आठवलं.

इतक्यात शिपाई धावत आला. "सायब, चला बिगीनं! हॉलमदी माईक बंद पडलाय. प्राचार्य बोलायला उभे हायत."

मी उठलोच. गुडघे कटकन वाजले.

"बसा, सर," मुलगी म्हणाली आणि शिपायाकडे वळली. "मामा, माईकवाल्याला फोन लावा की. सर वेबसाइटचं काम करायलेत."

शिपाई माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी नोकरी सोडून संन्यास घेतलाय. "व्हय, सायब?"

गेलो तर ही जाणार. बसलो तर प्राचार्य तापणार. एरवी या तोंडाला संवादांचा तोटा नाही, पण त्या वेळी एकच शब्द निघाला.

"व्हय."

आणि मी बसलो. शिपाई मान हलवत गेला. थोड्या वेळानं हॉलमधून प्राचार्यांचा आवाज आला. माईकशिवाय, वाचनकक्षातल्या शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत.

"ऐकू येतंय की सगळं," ती म्हणाली. तिनं पर्स टेबलाखाली ठेवली, शेजारची खुर्ची ओढली. "दाखवा, सर. कुटनं सुरू करायचं?"

मी दाखवू लागलो. टेबलाखाली माझे पाय मात्र अजून हॉलकडे निघालेले होते.